मामंजींचं सोडियम

३ एप्रिल

बॅटरी कंपनीने गिऱ्हाइकांना वाटायला दिलेल्या डायऱ्यांपैकी ही एक उरली, म्हणून माझी झाली. सुरुवात चांगल्या बातमीने करते. आज मी सीलबंद बॅटऱ्यांची ऑर्डर दिली. यांना पाणी घालावं लागत नाही, झाकणंच नसतात. आपल्या दुकानात आजवर फक्त जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या दुरुस्त झाल्या, त्यांत पाणी घातलं गेलं, त्या चार्जिंगला लागल्या. मामंजींनी हेच केलं आणि मलाही हेच शिकवलं. पण गिऱ्हाईक आता विचारतं, "ती पाणी न लागणारी नाही का?" आणि सरळ पुढच्या चौकात जातं.

मामंजींना विचारल्याशिवाय ऑर्डर दिलेली नाही. मी सांगितलं, ते "हं" म्हणाले. या "हं"चा अर्थ लावण्यात माझी लग्नानंतरची सगळी वर्षं गेली. यांचे चिरंजीव, म्हणजे माझा नवरा, जहाजावर इंजिनं सांभाळतो, त्यामुळे घरात आणि दुकानात आम्ही दोघंच. सासरा आणि सून. लोकांना वाटतं आमचं छान जमतं. जमतं, कारण दुकानात आवाज भरपूर असतो.

संध्याकाळी वळून पाहिलं तर मामंजी समोरच्या फळीला टेप लावून उभे. त्यांच्या चार्जरांची आणि नरसाळ्यांची ती फळी. सून किती जागा बळकावणार, ते मोजणं चाललं होतं. मामंजींशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान "हं" म्हणत नाही.

६ एप्रिल

मामंजींना गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब वाढलाय. जुन्या गोळीबरोबर एक नवी गोळी दिली, लघवीवाटे जास्तीचं पाणी काढणारी. मीठ कमी करा म्हणाले, आणि उन्हाळा आहे तर पाणी पीत राहा.

डॉक्टर "कमी" म्हणाले, मी बंदच केलं. करायचं तर नीट करायचं. त्यांची भाजी वेगळी काढली. पहिला घास घेऊन ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी ताटात कागद वाढलाय. दुकानातला खाऱ्या दाण्यांचा डबाही उचलून घरी आणला.

"अगं, मग दिवसभर दुकानात बसून माणसाने करायचं काय?"

"पाणी प्यायचं. बॅटरीतलं पाणी तेवढं उडतं, ॲसिड जागेवरच राहतं, म्हणून वरून घालायचं ते फक्त पाणी. कुणी शिकवलं मला?"

"मी काय बॅटरी आहे?"

"जुनी आहात. पण चालताय अजून."

खूप हसले. बाटली उचलून माझ्यासमोर अर्धी संपवली. या माणसाचं हसू किती दिवसांनी बघितलं! छान वाटलं.

११ एप्रिल

माल आला. चाळीस खोकी. टायरवाले काका (शेजारचं पंक्चरचं दुकान त्यांचं) मदतीला धावले. मामंजी खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. एका खोक्याला हात लावला नाही की साधं "कशा आहेत" विचारलं नाही. काका म्हणाले, "आज मालक गप्प?" मी म्हटलं, "मालक रुसलेत."

जेवणही धड नाही. दोन घास खाल्ले की "मळमळतंय". डोकं दुखतंय म्हणून कपाळाला रुमाल बांधून बसतात. सारखे उठून मोरीत जातात. ऊन बाधलं असणार, म्हणून पाण्याचं प्रमाण वाढवलंय. सकाळी एक मोठी बाटली, दुपारी एक, दुकान बंद करताना एक. नको म्हणतात. मी उभं राहून पाजते. या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

१४ एप्रिल

पहिली सीलबंद बॅटरी विकली गेली! टायरवाल्या काकांनीच घेतली, त्यांच्या टेम्पोसाठी. मी ती टेम्पोत बसवली, किल्ली फिरवली आणि एका झटक्यात इंजिन सुरू. काकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं. मामंजी दारात उभे होते, माझ्यापासून तीन हातांवर. नजर टेम्पोवरही नाही आणि माझ्यावरही नाही. नंतर चौकटीला धरून हळूहळू आत गेले.

मला इतकं लागलं! या माणसाने मला पाना धरायला शिकवलं. नवरा पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हा मी रडत बसले होते, तर एक मेलेली बॅटरी आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हिला उठव आधी." आणि आज एक शब्द नाही.

कुठल्याशा बंदरातून नवऱ्याचा फोन आला. सगळं सांगितलं.

"रुसलेत गं. आई गेल्यावरही दोन महिने असेच बसले होते. होईल नीट."

"आई गेल्या होत्या रे. इथे नुसता माल आलाय."

"त्यांच्यासाठी दुकानही तेवढंच आहे."

म्हणजे मी त्यांचं दुकान मारलं. छान.

१६ एप्रिल

आज मात्र हद्द झाली. गोदामातून येऊन बघते तर मामंजींनी एक नवी कोरी सीलबंद बॅटरी पुढ्यात घेतलेली, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि वरचं झाकण उचकटणं चाललेलं. शेजारी नरसाळं आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. उघडता न येणाऱ्या बॅटरीत पाणी घालायला निघाले होते! ज्या माणसाला डोळे मिटून बॅटरी ओळखता येते, त्याने हे मुद्दाम केलं नाही तर काय?

मी ओरडले. हो, ओरडले, गिऱ्हाइकासमोर. "एवढाच राग असेल तर घरी बसा. दुकानात मला अडगळ नको."

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. शांतपणे म्हणाले, "बाई, तुमची गाडी कुठली?"

हा टोमणा माझ्या जिव्हारी लागला. दुकानात तू परकी, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी पाण्याची बाटली त्यांच्यासमोर आपटली आणि म्हटलं, "प्या आणि गप्प बसा." प्यायले. गप्प बसले.

१७ एप्रिल

बोलणं बंद. त्यांचंही आणि माझंही. बाटल्या भरून ठेवते, ते संपवतात. तेवढं तरी ऐकतात.

१९ एप्रिल

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी शटर वर केलं. मामंजी पायरी चढताना थांबले. तोंड वेडंवाकडं झालं, सगळं अंग ताठ झालं आणि ते जागच्या जागी कोसळले. हातपाय झटके देत होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि नुसती "मामंजी, मामंजी" करत राहिले. दुसरं काही सुचलंच नाही. टायरवाल्या काकांनी टेम्पो काढला. ती बॅटरी पहिल्या झटक्यात लागली.

मला वाटलं अर्धांगवायू. डोक्याचा स्कॅन केला, त्यात काही नाही. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि तिथले सगळे एकदम पळापळ करायला लागले. सोडियम ११२.

मला काय कळणार ११२ म्हणजे किती? मी विचारलं, "जास्त आहे का?"

२० एप्रिल

मामंजी अतिदक्षता विभागात आहेत. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, डोळ्यांखाली काळं, पण मला समोर बसवून नीट सांगितलं. माणसाच्या रक्तात सोडियम १३५ ते १४५ लागतं. शरीर हा आकडा जिवापाड सांभाळतं. थोडं वर गेलं की तहान लावतं, खाली गेलं की जादा पाणी मूत्रपिंडातून सोडून देतं. मामंजींचं ११२ झालं.

"म्हणजे मीठ संपलं?" मी विचारलं.

"मीठ कमी झालं, पण त्याहून मोठा घोळ पाण्याचा झाला. ताई, ती जी नवी गोळी सुरू झाली ना, ती काही म्हाताऱ्या माणसांत सोडियम बाहेर काढते आणि जादा पाणी मात्र बाहेर टाकू देत नाही. त्यात जेवण नाही, मीठ नाही, आणि पाणी वरून येतच राहिलं. रक्त पातळ झालं. मग ते पाणी पेशींमध्ये शिरतं. मेंदू सुजतो, आणि कवटीत त्याला सुजायला जागा नसते. आधी काही जाणवलं होतं? मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं, विसरणं, माणसं न ओळखणं?"

मी "हो" म्हणाले. सगळ्याला हो.

"पाणी किती पीत होते?"

सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या, मग पुन्हा लिहायला लागल्या. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बॅटरीत पाणी जास्त झालं की ॲसिड किती दाट ते मोजणाऱ्या हायड्रोमीटरच्या नळीतला तरंगता काटा खाली बसतो. मामंजींनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. आमच्या दुकानात रोज दहा वेळा मी तो काटा बघते.

मी विचारलं, मग आताच्या आता भरपूर मीठ द्या ना सलाईनमधून, १३५ करून टाका. त्या म्हणाल्या, तेच करायचं नाही. झटके थांबण्यापुरतं खारं सलाईन दिलंय, आता सावकाश. एका दिवसात आठाच्या वर चढू द्यायचं नाही. मेंदूला इतके दिवस पातळ रक्ताची सवय झालीय. घाईने वर नेलं तर मेंदूतल्या नसांचं आवरण खराब होतं. बोलणं जातं, गिळणं जातं, कधीकधी कायमचं.

पूर्ण उतरलेली बॅटरी जोरात चार्ज केली की आतल्या प्लेटा वाकतात. घाईच्या गिऱ्हाइकांना मामंजी एकच उत्तर द्यायचे, "उद्या या." आता ते घाईचं गिऱ्हाईक मी आहे.

२१ एप्रिल

११८.

मामंजी जागे आहेत. मला ओळखत नाहीत, पण पाणी मागतात. दिवसभराचं पाणी मोजून ठरलंय, घोट घोट. त्यांचा घसा कोरडा पडलाय, ओठांना भेगा. "बाई, पाणी द्या ना. थोडं द्या. तुमच्या पाया पडतो."

माझ्या पाया पडतो!

सलाईनची सुई ओढतात म्हणून हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधलेत. नर्सने सांगितलं, ओला कापूस ओठांवर फिरवा, पिळायचा नाही. मी फिरवला, तर त्यांनी कापूस दातांत धरून चोखायचा प्रयत्न केला. मला तो त्यांच्या तोंडातून ओढून काढावा लागला. मग बाहेर येऊन जिन्यात बसले आणि खूप रडले. नको म्हणत होते तेव्हा उभं राहून पाजलं, आता मागताहेत तर तोंडातला थेंबही काढून घेतला.

नवऱ्याचा फोन लागत नाही. जहाज मध्येच कुठेतरी आहे.

२२ एप्रिल

सकाळी रिपोर्ट आला, १२९! मी नर्सचा हात धरून नाचायची बाकी होते. टायरवाल्या काकांना फोन केला, "काका, चढलं! एका रात्रीत चढलं!"

डॉक्टरीणबाई आल्या. कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. गोळीचा अंमल संपला, साचलेलं पाणी लघवीवाटे भडाभडा गेलं आणि आकडा उसळला. अकराने. तो परत खाली आणायला हवा होता. काल ज्या माणसाला मी थेंब दिला नाही, त्याला आज शिरेतून पाणी चालू केलं.

"मग काल दिलं असतं तर?" मी विचारलं.

"असं नसतं ताई. काल ते देणं धोक्याचं होतं, आज न देणं धोक्याचं आहे."

यावर माणसाने काय करायचं? वर गेलं तरी भीती, खाली गेलं तरी भीती. मी आकडा ऐकून आधी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघायला शिकले. हसायचं की नाही ते त्यावरून ठरवते.

२३ एप्रिल

१२४. खाली आला म्हणून आज सगळे खूश.

नवऱ्याचा फोन लागला. तीन वेळा म्हणाला, "मी इथून काय करू?" मी म्हटलं, "मी इथे आहे, मलाही काही करता येत नाही." जहाज धक्क्याला लागलं की निघतो म्हणाला.

पाण्याचं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय माहीत होतं?" प्रेमानेच म्हणाला. पण मला सोळा तारखेचंही सांगायचं होतं, अडगळीचं, आणि ते तोंडातून निघालं नाही.

२५ एप्रिल

त्या एका रात्रीच्या उसळीने मेंदूला इजा झाली की नाही, हे लगेच कळत नाही. आठवडाभराने, कधी त्याहून उशिरा दिसतं. तोवर वाट बघायची. त्यावर औषध असं नाही. रोज सकाळी डॉक्टरीणबाई मामंजींना जीभ बाहेर काढायला लावतात, बोट दाबायला लावतात आणि चमचाभर पाणी गिळायला लावतात. त्या चमच्याच्या वेळी मी खिडकीबाहेर बघते.

आज गिळताना एकदा ठसका लागला. "एका ठसक्यावरून काही ठरवू नका," त्या म्हणाल्या. मी ठरवत नाही. मी फक्त दिवसभर तो ठसका ऐकत बसले.

पट्ट्या सोडल्या आहेत. जास्त वेळ झोपतात. मधूनच अंगठा आणि बोटाने हवेत काहीतरी फिरवतात. मी ओळखलं. बॅटरीच्या सेलची झाकणं घट्ट करताहेत. एक एक करून सहा लावतात आणि थांबतात.

२७ एप्रिल

१३०. ठसका नाही. पण शब्द जड येतात, जिभेवर काही ठेवल्यासारखे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशक्तपणा असेल किंवा त्या उसळीची इजाही असेल, अजून सांगता येत नाही. मी विचारलं, माझ्या हातात काही आहे का? त्या म्हणाल्या, त्यांच्याशी बोलत राहा.

काय बोलू? माफी मागायचं ठरवलं. मनात जुळवून ठेवलंय. मामंजी, तुम्ही दुकानाची अडगळ नाही. त्या बॅटऱ्या मी परत पाठवते. तुम्ही माझ्याशी बोला फक्त.

२८ एप्रिल

आज सकाळी पडदा सारून आत गेले, तर मामंजी उशीला टेकून बसले होते. माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर त्यांची होती. मला पायांपासून डोक्यापर्यंत कळलं की ती त्यांची आहे.

"आलीस?" म्हणाले. जड, सावकाश. "दुकान कुणावर टाकलंस?"

"टायरवाल्या काकांवर."

"बुडालं मग."

मी हसायला गेले आणि रडूच आलं. त्यांचा हात धरला आणि जुळवून ठेवलेलं बोलायला तोंड उघडलं, पण ते आधी बोलले. एकेक शब्द शोधून आणल्यासारखा.

"माल... आला का?"

"कुठला माल?"

"अगं, त्या नव्या बॅटऱ्या. सीलबंद. तू ऑर्डर दिलीस ना?" थोडं थांबले, दम घेतला. "फळी मोजली होती मी. नरसाळी खाली काढून ठेवू म्हटलं, तिथे तुझ्या बॅटऱ्या. समोरून दिसतील अशा. पुरली का फळी?"

माल उतरला तेव्हा ते तिथेच बसले होते. काकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा दारातच होते. त्यातलं काहीच त्यांच्याकडे नाही. रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. ज्या मामंजींशी मी इतके दिवस भांडत होते, ते कुठे नव्हतेच. तिथे एक आजारी माणूस होता, मला खरंच विचारत होता, बाई, तुमची गाडी कुठली. आणि अडगळ म्हटलेलं त्यांना आठवत नाही, तर त्याची माफी मी कुणाकडे मागू?

"पुरली," मी म्हटलं. "बरोबर पुरली."

"पहिली... कुणाला दिलीस?"

"अजून दिली नाही. तुम्ही आल्याशिवाय कशी देईन?"

"वेडी आहेस," म्हणाले, आणि खुशीत डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे केला. "पाणी."

मी नर्सकडे बघितलं. तिने बोटांनी खूण केली, अर्धा पेला. मी तो त्यांच्या ओठांना लावला. सावकाश प्यायले. शेवटच्या घोटाला ठसका लागल्यासारखा झाला. की लागला नाही? मला नक्की सांगता येणार नाही.

जाताना दुकानावरून जायला हवं. समोरच्या फळीवर एकही बॅटरी नाही. सगळा माल मी मागच्या भिंतीला लावलाय, त्यांची फळी नको म्हणून. आज ती नरसाळी खाली काढते आणि नव्या बॅटऱ्या तिथे रांगेने मांडते. एक विकली गेली आहे, तेवढी जागा दिसू द्यायची नाही.